न जुळणारे आकडे

शहाणे,

'प्रिय' लिहून खोडलंय, त्याचा आनंद मानू नकोस.

सगळ्या वर्गासमोर सरांना म्हणालीस, "ह्याचे डोळे कच्चे आहेत, मला दुसरा जोडीदार द्या." माझे डोळे कच्चे? सोन्याच्या वर्खावर सोडलेले कण बहुतेक आरपार जातात, एखादाच अणूच्या केंद्रावर आपटून उलट फिरतो आणि पडद्यावर ठिणगी उमटते. ती मला तुझ्याआधी दिसायची!

मग ऐक. तू चार ठिणग्या मोजल्यास, मीही चारच मोजल्या आणि वहीत अकरा लिहिल्या. मुद्दाम. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं, हा सरांचाच नियम. आणि मोजण्याआधी डोळे सरावायला अर्धा तास दिवा बंद. त्या अंधारात किती बडबडायचीस तू! उजेडात मात्र ओळखसुद्धा दाखवायची नाहीस.

तेवढ्यावरही पाणी फिरवलंस. मग मीही वही सरांच्या टेबलावर आपटली आणि कॉलेजला रामराम ठोकला. आई अजून माझ्याशी बोलत नाही. झालं समाधान?

हे पत्र मी टाकणार नाही. तू तेही सरांना दाखवशील. पण काल प्रयोगशाळेचे शिपाईकाका भेटले. हसत म्हणाले, "अरे, तिचे त्या नव्याशीही आकडे जुळेनात. तिसऱ्यांदा बसलेत!"

त्याचे डोळे तर पक्के आहेत ना?

मग आता अकरा कोण लिहितंय? तो, की तू?

तुझा कुणीही नसलेला,
कच्च्या डोळ्यांचा