दोघींचं रक्त

प्रिय थोरले,

हे पत्र मुद्दाम हाताने लिहितेय. फोनवर सांगायला गेले असते तर मध्येच कुणीतरी रडलं असतं, आणि आपण पडलो जुळ्या, आवाज असा एकसारखा की नक्की रडतंय कोण, हे भाऊजींना शेवटपर्यंत कळलं नसतं. शिवाय फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी एक वाक्य सुरू करते आणि तू ते माझ्या आधी संपवतेस, तेही चुकीचं. तेव्हा आता निमूट वाच.

मंगळवारी तलावावरची सकाळची बॅच संपवून मी ओल्या केसांनीच हॉस्पिटलात गेले. आपल्या डॉक्टरबाईंना भेटायला. आई बरोबर होती. मी तिला चल म्हटलंच नव्हतं, पण घरी कपडे बदलायला आले तर ती पर्स मांडीवर घेऊन तयार बसलेली. मुलांच्या वॉर्डाला आता पिवळा रंग दिलाय आणि भिंतींवर जिराफ काढलेत. पायऱ्या मात्र त्याच, मधोमध झिजलेल्या. डॉक्टरबाईंचे केस पार पांढरे झालेत, पण चष्मा कपाळावर सरकवून तोच टेबलावर शोधायची सवय गेली नाही. मला पाहून म्हणाल्या, "दोघींपैकी कोणती? आजारी होती ती, की दुसरी?" मी म्हटलं, आजारी होते ती. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "खांदे काय झालेत गं तुझे! कुस्ती खेळतेस का?" पोहायला शिकवते म्हटल्यावर एवढ्या खूश झाल्या की नर्सला हाक मारून माझे दंड दाखवले. मीही लाज न बाळगता फुगवून दाखवले.

तुला ते वर्ष किती आठवतं? मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बालवाडी नुकतीच सुरू झाली होती. वर्गात कसल्याशा तापाची साथ आली, सगळी पोरं चार दिवस झोपून परत उड्या मारायला लागली, मी काही उठेना. मग माझ्या पायांवर निळे-काळे डाग दिसायला लागले. मी कशावर आपटलेही नव्हते. त्यामुळे संशय सरळ तुझ्यावर. तू मला चिमटे काढतेस म्हणून आईने तुला खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं, आणि तू काही न करता तोंड पाडून उभी राहिलीस. मला ते इतकं अन्यायाचं वाटलं की मीही तुझ्याशेजारी जाऊन उभी राहिले, आणि उभ्या उभ्या कोसळले. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. रक्ताचा कॅन्सर. आईने तो शब्द ऐकल्यावर आधी तुला जवळ घेतलं, असं बाबा सांगतात. चिमट्यांचा खोटा आळ घेतल्याबद्दल.

त्यानंतर माणसांच्या तऱ्हा कळल्या. आत्या दारातूनच विचारपूस करून निघून जायला लागली. बालवाडीच्या बाईंनी तुला वेगळ्या चटईवर बसवलं, तुझ्याकडून इतरांना "काही लागू नये" म्हणून. आईला हे कळलं त्या दिवशी ती वर्गात गेली, तुझ्या चटईवर तुझ्याशेजारी फतकल मारून बसली आणि शाळा सुटेपर्यंत हलली नाही. बाई काय बोलणार! वॉर्डातही हाच गोंधळ. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी आठवते ना, गळ्याला गाठी आलेली, सगळ्या नर्सना हुकूम सोडणारी, जिला आपण राणीसाहेब म्हणायचो? तिला लिम्फोमा होता, आणि तिच्या गाठींमध्ये कसलासा विषाणू सापडला होता. ते ऐकून बाबा हवालदिल. आपल्या पोरीची खाट हलवा म्हणून डॉक्टरबाईंच्या मागे लागले. त्या म्हणाल्या, "अहो, तो विषाणू तुमच्याआमच्या बहुतेकांच्या अंगात असतो. सर्दीसारखा येतो आणि गपचूप राहतो. एखाद्याच मुलात, आणखी बरंच काही बिघडल्यावर, तो गाठींचा कॅन्सर करायला हातभार लावतो. विषाणू लागतो, कॅन्सर लागत नाही. खाट तिथेच राहील." आणि राहिली. राणीसाहेब आता खोदकामाचं भलंमोठं यंत्र चालवतात, असं परवा नर्सने सांगितलं. मला जराही आश्चर्य वाटलं नाही.

पण आईच्या मनातलं सोपं नव्हतं. जन्मलो तेव्हा मी फारच लहानखुरी होते, तू टुणटुणीत. दोघींना एकटीने सांभाळणं अशक्य, म्हणून पहिलं वर्षभर तू दिवसा समोरच्या काकूंकडे असायचीस. त्यांची पाच पोरं, पाचांचीही नाकं कायम वाहती. तू त्यांच्यात लोळलीस, त्यांची उष्टी बिस्किटं चोखलीस, दर पंधरवड्याला नवा खोकला घेऊन घरी आलीस. मी मात्र खिडक्या लावलेल्या खोलीत. हात धुतल्याशिवाय बाबांनासुद्धा प्रवेश नाही. आईने कुठेतरी वाचलं होतं की ज्या बाळांना पहिल्या वर्षात जंतू भेटत नाहीत, त्यांच्यात हा आजार थोडा जास्त दिसतो. उशिरा भेटलेल्या साध्या तापानेही मग शरीर भलतंच बिथरतं. ते वाचल्यापासून ती स्वतःला खात होती. मीच हिला काचेत ठेवलं, म्हणायची. डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीत बसवून सांगितलेलं तिने मला कितीदा तरी ऐकवलंय. "तसा संबंध असावा असं आम्हाला वाटतं. पण लाख मुलांबद्दल बोलता येतं म्हणून एका मुलीबद्दल बोलता येत नाही. एक मात्र मी छातीठोकपणे सांगते. एवढीशी होती ती. त्या वर्षी तुम्ही जपलं नसतं, तर आज माझ्यासमोर उपचार करायला मुलगीच नसती." आईने त्या दिवसापासून स्वतःला खाणं बंद केलं. निदान आपल्यासमोर तरी.

आणि माझे उपचार! केस गेले, तोंड फोडांनी भरलं, पाठीत सुई घालायचे तेव्हा मी वॉर्ड डोक्यावर घ्यायचे. माझी एकच अट असायची: दंडातून रक्त घ्यायचं तर आधी थोरलीचं घ्या. तू ऐटीत बाही वर करायचीस. भिंतीकडे बघत, ओठ घट्ट मिटून. तुझी नळी भरली की मी हात पुढे करायचे. सगळा वॉर्ड तुझं कौतुक करायचा, बहिणीला सोबत म्हणून एवढीशी पोर टोचून घेते! तू पोहायला जाणंही सोडलंस, कारण मला तलावात उतरायला बंदी होती. पुढे मी बरी झाले, औषधं थांबली, माझ्या तपासण्या वर्षाकाठी एकावर आल्या आणि मग एक दिवस डॉक्टरबाई म्हणाल्या की ही बरी झाली, पूर्ण बरी. त्या दिवशी आईने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला, बाबांनी आपल्याला आईस्क्रीम दिलं, आणि संपलं. माझी जरा निराशाच झाली होती. एवढी लढाई जिंकून एकच कप?

खरा उत्सव झाला तो नंतर बऱ्याच वर्षांनी, आपण नववीत असताना. आठवतंय? माझं नाव फायलीतून कधीच निघालं होतं, तरी आपल्या दोघींना रक्त तपासायला नेलं होतं. नेहमीचंच आहे, म्हणाले होते. डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलंही नाही, तुझा हात हातात घेऊन गदागदा हलवला आणि म्हणाल्या, "आता इकडे पुन्हा फिरकू नकोस." आई चक्क हसत सुटली. आणि बाबा, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारे आपले बाबा, दुसऱ्याने बसवलेल्या लिफ्टवर आपला भरवसा नाही म्हणून त्या इमारतीत वर्षानुवर्षं जिने चढणारे बाबा, त्यांनी आपल्याला लिफ्टमध्ये घातलं, वरच्या मजल्यापर्यंत नेलं, खाली आणलं, परत वर नेलं. लिफ्टवाला ओरडायला लागला तर त्यालाच मिठी मारली. मला वाटलं, माझा आनंद त्यांना उशिरा झाला असेल. तू मला कोपर मारून म्हणालीस, "तुझ्यापायी येडे झालेत."

माझ्यापायी नव्हतं गं ते.

मंगळवारी डॉक्टरबाईंनी आईकडे बघून विचारलं, "म्हणजे अजून सांगितलंच नाहीत?" आईने मान हलवली. मग बाहेरच्या बाकावर, त्या जिराफांच्या खाली बसून, तिने मला सांगितलं. आपण एकाच बीजातल्या, पोटात दोघींना मिळून एकच वार, म्हणजे प्लॅसेंटा होती, दोघींचं रक्त एकमेकींत फिरत होतं. तिथेच, जन्माच्या आधी, रक्ताच्या एका पेशीत गुणसूत्रांचे दोन तुकडे मोडून चुकीचे जोडले गेले. आजाराची ही पहिली पायरी. ती पेशी वाढली, आणि तिची पिल्लं वारेतून एकीकडून दुसरीकडे गेली. तुझ्याकडून माझ्याकडे की माझ्याकडून तुझ्याकडे, हे आता देवालाही शोधता यायचं नाही, तेव्हा त्यावरून भांडू नकोस. मी आजारी पडल्यावर त्यांनी तुझं रक्त तपासलं, तर तुझ्यातही तशाच थोड्या पेशी होत्या. बहुतेक मुलांत त्या नुसत्या पडून राहतात आणि विरून जातात. दुसरा बिघाड झाला तरच आजार होतो, माझ्यात झाला तसा. तुझ्यात होईल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ती तुझी बाही वर व्हायची. माझ्या सोबतीसाठी नव्हे; माझी ती अट आयतीच त्यांच्या पथ्यावर पडली होती. खरं तर मीच तुझ्या सोबतीला होते. नववीतल्या त्या तपासणीत तशी एकही पेशी सापडली नाही, आणि धोक्याचं वयही सरलं होतं. तू जिंकली होतीस. काकूंच्या घरच्या त्या वाहत्या नाकांनी तुला तयार केलं का, असं मी परत आत जाऊन डॉक्टरबाईंना विचारलं. म्हणाल्या, असेलही, मी सिद्ध करू शकत नाही, पण काकूंना फुलं पाठवायला हरकत नाही. मी पाठवली.

आईबाबांवर रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण आठवडाभरच. आई म्हणाली, "दोघींपैकी एकीचं तरी बालपण वाचू दे, एवढंच मनात होतं." इतकी वर्षं ती दोघं तुझ्या प्रत्येक शिंकेला दचकली आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आता तूच ठरव, त्या घरात सगळ्यात शूर कोण होतं.

आता हे सगळं आज का लिहितेय ते. तीन महिने झाल्याची बातमी देताना तू हसत होतीस, आणि मग एकदम म्हणालीस, "आपलं ते बाळात उतरलं तर? तू सोसलंस, आईने सोसलं. मी कधी काही सोसलंच नाही. मला नाही जमणार." त्या प्रश्नासाठीच मी डॉक्टरबाईंकडे गेले होते. उत्तर ऐक, त्यांच्याच शब्दांत: "उतरत नाही. ती चूक तुम्हा दोघींच्या रक्तात घडली आणि रक्तातच संपली. आईबाबांकडून आली नव्हती, पुढेही जायची नाही." काही मोजक्या घराण्यांत हा धोका जनुकांतून येतो, ते त्यांनी आपल्याबाबतीत केव्हाच तपासलंय, तसं काही नाही. तुझं बाळ इतर कुठल्याही बाळासारखं. राहिलं तुझं "जमणार नाही". ते मंगळवारपासून मी ऐकून घेणार नाही. बाळाला सर्दी होईल, ताप येईल, गुडघे फुटतील; होऊ देत. समोरच्यांच्या पोरांत खुशाल लोळू दे. तू सगळं निभावशील, कारण याहून कठीण काहीतरी तू आधीच निभावलंयस, आणि तेव्हा तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला कुणाला मोकळीकच नव्हती. आज संध्याकाळी तलावाच्या काठावर पोरं शर्यत संपवून पाण्याबाहेर येत होती आणि मी टाळ्या वाजवत होते. सगळी पोरं निघून गेली तरी वाजवतच राहिले. त्या तुझ्या होत्या.

तुझीच,
धाकटी