सत्तावन्न बोलपट आणि एकतिसावी नोंद

मी, सत्यजित मोरेश्वर टिपणीस, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त यंत्र अभियंता, राहणार हॅनोव्हर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल शंका असेल त्यांनी माझ्या डॉक्टरांना विचारावे, घरच्यांना विचारू नये. इथल्या कायद्याला टाइप केलेले मृत्युपत्र चालत नाही आणि हाताने लिहिले तर साक्षीदार लागत नाहीत. पण दोन सह्यांशिवायचा कागद मला उघडाबोडका वाटतो, म्हणून साक्षीदार बोलावले आहेत. मजकूर वाचायची गरज नाही, फक्त सही करा, असे त्यांना फोनवर सांगितले आहे.

कलम एक. लिंडनमधला फ्लॅट पत्नी सौ. विभावरी हिला. पैशाअडक्याचे नोटारकडे आधीच झाले आहे, ते इथे उगाळत नाही. फ्लॅटबरोबर तळघरातल्या खोलीच्या किल्लीवरून हाउसफेरवाल्टुंगशी (म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाशी) नऊ वर्षे चाललेला पत्रव्यवहारही तिच्याकडे जाईल. तिने तो जिंकावा.

कलम दोन. माझी सगळी अवजारे मुलगी स्पृहा हिला, बाड हॉम्बुर्गला पोचती करावीत. माझ्या कपाटाकडे बघून "बाबा, सगळं स्कॅन करा आणि मग सरळ आल्टपापिअर", म्हणजे रद्दीत, असे ती दोनदा म्हणाली, म्हणून कपाटातला एक कागदही तिला देत नाही. मुलगी गुणी आहे, हे वेगळे.

कलम तीन. ते कपाट. स्टीलचे, हिरवे. त्यात १९३२ या एकाच वर्षी मुंबई इलाख्यात निघालेल्या बोलपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका आहेत, दुबार प्रती धरून एकशे बारा. थिएटरच्या दारात त्या विकायला असत. सिनेमा नुकता बोलायला लागला होता आणि बोलायला लागताच गाऊ लागला होता, त्यामुळे एकेका पुस्तिकेत वीस-वीस गाणी. लोक पुण्याहून गोडा मसाला आणतात, मी बत्तीस वर्षे जुन्या बाजारातली रद्दी आणली. एकदा फ्रँकफुर्टला कस्टमच्या माणसाने बॅग उघडून किंमत विचारली. विभावरीने परस्पर सांगून टाकले, "काही नाही." तो माणूस तिच्याकडे सहानुभूतीने बघत राहिला.

या पुस्तिकांवरून मी सत्तावन्न नोंदींचा ग्रंथ लिहिला. त्यातले बहुतेक चित्रपट जळाले, कुजले किंवा फिल्मवरची चांदी काढायला वितळवले गेले. नात अवनीने एकदा जर्मनमध्ये विचारले, म्हणजे ओपा, न बघितलेल्या सिनेमांवर तू पुस्तक लिहिलंस? मी म्हणालो, गेनाऊ, अगदी बरोबर. तिने मान डोलावून हेडफोन लावले. माझ्या ग्रंथाचे इतके नेमके परीक्षण दुसऱ्या कोणी केलेले नाही. माझे फाउंटन पेन तिला.

कलम चार. इथल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात माझ्या व्याख्यानाला पंधरा मिनिटे दिली होती. मोदक स्पर्धेचा निकाल तयार झाल्यामुळे अकराव्या मिनिटाला माइक काढून घेतला. उरलेली चार मिनिटे मी माझ्या शोकसभेत वसूल करणार आहे. त्या वेळात कोणीही बोलू नये, विशेषतः सांस्कृतिक सचिवांनी.

कलम पाच. ड्युसेलडॉर्फचे श्री. प्रताप सामंत. या भूतलावर १९३२ सालाचे माझ्याइतके वेड लागलेला हा एकच दुसरा माणूस, आणि तो माझ्या नोंदी उचलायचा. त्याला रंगेहाथ पकडावे म्हणून मी ग्रंथात एकतिसावी नोंद रचून घातली: 'सोनसाखळीचा न्याय', नायिका मिस अंजनाबाई तासगावकर, गाणी तेरा. असा चित्रपट कधी निघाला नाही. अशी बाई कधी नव्हती.

वर्षभरात सामंतांच्या यादीत तो आला. गाणी चौदा. एक त्यांनी पदरचे घातले होते. पुढे एका संमेलनात त्यांनी अंजनाबाईंच्या आवाजाचे असे वर्णन केले की पहिल्या दोन रांगा डोळे पुसू लागल्या. मी घरी येऊन विजयी मुद्रेने फोन लावला.

"टिपणीस, आल्झो, तर शेवटी सांगितलंत म्हणायचं," सामंत हसत होते. "अहो, मीही तुमच्यासाठी एक ठेवला होता. तुम्ही बिनबोभाट उचललात."

"कोणता?"

"शोधा की."

आता लिहायला हरकत नाही. सामंतांच्या टिपणांवरून मी अकरा नोंदी घेतल्या होत्या, त्यांचे नाव न देता. त्यातली खोटी कोणती हे मला आजतागायत सापडलेले नाही. गेल्या मार्चमध्ये ते आल्टनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, आहेत असे कळले, तेव्हा विचारायला गेलो. त्यांना आता बायकोचे नावही आठवत नाही. मी प्रश्न तीनदा विचारला. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "अंजनाबाई काय गायची हो! ती नोंद काढू नका." मला रडू आले. ज्या माणसाची फजिती करायला मी ती बाई रचली, तिच्यावर जीव लावणारा तोच एकटा निघाला. सामंतांवरचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही.

कलम सहा. इथल्या चित्रपट संग्रहालयातले संशोधक श्री. धम्मपाल गजभिये कपाट आणि ग्रंथ दोन्ही घ्यायला तयार आहेत. त्यासाठी एक फॉर्म आहे: ग्रंथातली प्रत्येक नोंद माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे, खाली सही. सही केली तर मी खोटे बोलतो. न केली तर कपाट स्पृहाच्या सल्ल्याने रद्दीत जाते. आणि एक नोंद खोटी निघाली की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? नवव्या नोंदीतला सारंगीवाला कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून झाडामागे बसून वाजवायचा. त्याचे नाव माझ्या ग्रंथाखेरीज जगात कुठेही छापलेले नाही.

सबब, फॉर्मवर मी आज सही करीन आणि वरील कबुली माझ्या मृत्यूनंतर बंद पाकिटातून धम्मपालला द्यावी.

इथपर्यंत लिहून मी चहाला उठलो, तेवढ्यात विभावरीने सगळे वाचले. हाताने लिहिलेली सात पाने पुन्हा लिहायची ताकद माझ्यात नाही, म्हणून पुढचे घडले तसे लिहितो.

"अहो, मेल्यावर खरं बोलायला काय लागतं?" ती म्हणाली.

मी म्हणालो, संग्रह वाचवण्यासाठी करतो आहे.

"संग्रह नाही, तुम्ही स्वतःला वाचवताय. आणि तो धम्मपाल? तुमच्या सहीवर त्याने साहेबाला शब्द दिलेला असणार. पाकीट उघडल्यावर त्याने काय करायचं? तुम्ही तर सुटलेले असाल."

बत्तीस वर्षे मला वाटत होते की तिने माझ्या कामाकडे कधी लक्ष दिले नाही. मी भित्रा आहे, हे इथे शाईने लिहितो.

कलम सहाचा शेवटचा परिच्छेद रद्द. दुसरा साक्षीदार धम्मपालच आहे, म्हणून साक्षीदारांना फोनवर सांगितलेलेही त्याच्यापुरते मागे घेतो. त्याने हा मजकूर पहिल्या पानापासून, माझ्यासमोर बसून वाचावा, आणि मग सही करायची की नाही ते ठरवावे. कपाटाचे काय व्हायचे ते होवो.

हॅनोव्हर, १६ ऑक्टोबर २०२५
सत्यजित मोरेश्वर टिपणीस

साक्षीदार:

१. फ्राउ ल्यूडर्स, दुसरा मजला. मराठीचे एक अक्षरही येत नसल्याने संपूर्ण निःपक्षपाती.

२. धम्मपाल गजभिये. पूर्ण वाचून सही केली. फॉर्म कोरा परत नेत आहे. सर, शनिवारी सकाळी माझी सहकारी कीर्ती हिला घेऊन येतो. छप्पन्न नोंदी पहिलीपासून तपासायच्या आहेत.