मुलं आणायला कोण जाणार

गुरुवार, संध्याकाळ

आमच्या समाजसेवा क्लबच्या आजच्या बैठकीत माझ्या दुकानामागच्या वस्तीतल्या अंगणवाडीला टीव्ही द्यायचं ठरत आलं होतं. अंगणवाडीच्या ताई संकोचून म्हणाल्या, "टीव्ही नको साहेब. पोरंच येईनात. आया सकाळीच कामाला जातात, आणून सोडायला घरी कुणी नसतं."

अध्यक्ष म्हणाले, "मग काय, आम्ही पोरं गोळा करत फिरू?" सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?

लहानपणी गावी, पिशोरला, आई पहाटेच रानात जायची. मग बालवाडीच्या सरूबाई दारात यायच्या. मी धान्याच्या कणगीमागं लपायचो. "चला महाराज, शाळा खोळंबली," म्हणत हात धरायच्या. त्या हाताला चुलीच्या धुराचा वास असायचा. त्या आल्या नसत्या तर मी शाळेत गेलोच नसतो. बैठकभर तोच वास आठवत राहिला.

चहाच्या वेळी ताईंना गाठून म्हणालो, "मी आणून सोडतो. घरं दाखवा."

त्यांना खरं वाटेना. "रोज?"

"रोज," म्हणून बसलो. जमेल का? दुकान दहाला उघडतं, म्हणजे जमावं. उद्यापासून पूजा लवकर उरकावी लागेल. देवाची काही हरकत नसावी.