पहिली गिरकी कोणी दिली?

ती. ताईस धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे शाबूत आहेत, फक्त अब्रूला खरचटलंय.

सलूनमध्ये मी कुठल्याही विषयावर बोलतो, हे तू जाणतेसच. वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला खोडून काढलं नाही (गळ्यावर वस्तरा असताना कोण काढेल?) आणि मी ती माझी विद्वत्ता समजत आलो. गेल्या आठवड्यात लेकीचे विज्ञानाचे सर दाढीला आले. तिच्या पुस्तकातलं एक पान आदल्याच दिवशी वाचलेलं, म्हणून सूर्यमालेचा जन्म त्यांना ऐकवला. तोंडाला फेस, त्यामुळे ते नुसतं हुं हुं करत होते. तोंड पुसल्यावर म्हणाले, "हे वर्गात येऊन सांगा की!"

गेलो. सोबत पोतंभर कापलेले केस आणि सलूनची फिरती खुर्ची. मुलांना म्हटलं, हा वायू आणि धुळीचा ढग. आकसला, गरगरला, चपटा झाला. जवळजवळ सगळा माल मधे जमून सूर्य पेटला आणि उरलेली धूळ एकमेकांना चिकटत चिकटत ग्रह झाली (आमच्या खुर्चीखाली केसांचे गोळे होतात तशी. थोडक्यात, आपण न झाडलेला कचरा). इथवर टाळ्या. मग खुर्चीवर केस ओतून सणसणीत गिरकी दिली. वर पंखा चालू होता, हे ध्यानातच नाही. सूर्य राहिला बाजूला, पण सरांच्या टकलावर, ताई, कित्येक वर्षांनी केस आले.

तेही हसण्यावारी गेलं असतं, पण माझीच लेक उभी राहिली. "बाबा, खुर्ची तू फिरवलीस. ढगाला पहिली गिरकी कोणी दिली?" हातात वस्तरा नव्हता. म्हणालो, "उद्या सांगतो."

आज पाचवा दिवस. रोज तिच्या शेजारी बसून तिचं पुस्तक चाळतो. तिला वाटतं, मी अभ्यास घेतोय. बाबाला सगळं येतं असं मानणारी जगात ती एकटीच आहे गं, आणि तिला गमवायची मला भीती वाटते.

तुझा,
धाकटा

ता. क. जन्मभर विज्ञान शिकवलंस, तर उत्तर ताबडतोब कळव. सलूनच्या पत्त्यावर.

ता. क. २. पत्र टाकायला लेकीकडेच देतोय. काळजी नको, पाकीट घट्ट चिकटवलंय.

(वेगळ्या अक्षरात) आत्या, बाबाला पाकीट चिकटवता येत नाही. ढग आधीपासूनच हळूहळू फिरत होता, आकसला तसा वेग वाढला. पुस्तकात आहे. ती दोन पानं मी डिंकाने एकमेकांना चिकटवून टाकलीत. बाबा रोज माझ्याजवळ बसतो. तू उत्तर जरा उशिराच पाठव.