उसातली आई

सणसर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,

ऋषीचा नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. माझा कॅमेरावाला आफताब लग्नाच्या शूटिंगला शेळगावात येतोय, त्याच्या हाती हे पाठवतो. दाजींना नमस्कार सांग. वैष्णवीचा सायकलचा हट्ट सुटला की नाही?

इकडे ठीक. ऊस तुटून गेला. 'उसातली'चं शूटिंग केलं ते रान आता मोकळं आहे, पलीकडचा रस्ता दिसतो. आबा जेवतात, पेपर वाचतात. बोलणं तेवढं कमी झालंय.

सिनेमाचं म्हणशील तर बंगलोरला भयपटांच्या मेळाव्याला जाऊन आलो. तिथं एक टेबल मिळतं, त्यावर पोस्टर लावायचं आणि येईल त्याला हसून तेच तेच सांगायचं. दुसऱ्या दिवशी दोन पोरी सिनेमात भूत झालेल्या आईसारखं नऊवारी नेसून, केस सोडून, तोंडाला पांढरं फासून आल्या. आपलं भूत चालतं तसं चालून दाखवू लागल्या. उजवा पाय ओढत होत्या. मी म्हटलं, डावा. मग त्यांनी डावा ओढला, माझ्यासोबत फोटो काढला आणि गेल्या. एका रिव्ह्यूत लिहिलंय की या बाईनं ही चाल बसवायला फार मेहनत घेतली असणार. तिचा गुडघा दुखायचा, हे मी कुणाला सांगत बसलो नाही.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आई गेल्यापासून हे असंच आहे. थेटरात लोक तिला बघून किंचाळतात आणि मी दाराशी उभा राहून चहा पितो.

तुझा राग मला माहीत आहे. तुझ्या सासरच्या गावात तुला भुताची लेक म्हणाले. तू सिनेमा बघणार नाही म्हणालीस, आणि बघितला नाहीस. तरी दहाव्याला कालव्यावर कावळा शिवेना, तेव्हा काय झालं ते आठव. मामा म्हणाले, धाकट्या छकुलीचं लग्न थाटात लावू. आबा म्हणाले, रान विकणार न्हाय. कावळा जागचा हलला नाही. मग तूच पुढं झालीस आणि म्हणालीस, "आई, तुजा शिनेमा समद्यास्नी दावू आमी." तो लगेच उतरला. तुझ्या त्या शब्दापायी मी वणवण करतोय. तक्रार नाही, सांगतोय.

आता एक कंपनी सिनेमा घ्यायला तयार आहे. मोबाइलवर घरोघरी दिसेल, म्हणजे तुझा शब्द पुरा होईल. त्यांची अट एकच. शेवटी भूत उसातून थेट कॅमेऱ्याकडे येतं, त्याचे ओठ हलतात, आवाज येत नाही. तिथं त्यांना एका नटीच्या आवाजात शाप घालायचाय. सगळ्या रिव्ह्यूंत त्याच जागेबद्दल लिहिलंय. कुणी म्हणतं मंत्र आहे, कुणी म्हणतं मारेकऱ्याचं नाव आहे. मला विचारतात, मी हसतो.

अक्का, ते शूटिंग नव्हतंच. सीन संपला होता, कॅमेरा चालू राहिला होता. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, ते तिनं बघितलं होतं. तशीच, रंग फासलेल्या तोंडानं, पाय ओढत माझ्याकडं आली आणि म्हणाली, "जेवलास का रं?" आवाज मी नंतर काढून टाकला. भूत असं विचारत नाही ना.

कंपनीला सोमवारी कळवायचंय. शब्द तू दिलास, तर तूच सांग. हो म्हणालीस तर शाप घालू देतो, नाही म्हणालीस तर सिनेमा इथंच थांबेल. मला दोन्हीकडून काही वाटत नाही, म्हणून तुला विचारतोय. फक्त आधी एकदा बघ. रविवारी दुपारी बारामतीत खेळ आहे, दाराशी तुझं नाव सांगून ठेवतो. मी पुढ्यात येणार नाही. शेवटी सगळे किंचाळतील, तू तेवढं तिच्या ओठांकडं बघ.

मी तिला उत्तर दिलं नव्हतं. कट म्हणालो होतो.

तुझा,
ऋषी