कोबीचं आंबट पाणी

अहो,

इस्पितळात मला भेटायला सगळ्यात आधी आल्या तुमच्या दिमकाताई, मागोमाग त्यांची सून. ताईंच्या कोटाखाली बाटली, आपल्या पिंपात मिठात आंबवलेल्या कोबीच्या पाण्याची. म्हणाल्या, "घे वहिनी, डॉक्टरांना काय कळतंय."

मी बरी आहे. इथं फार लाड होतात, केससुद्धा धुऊन देतात. पण एक गोष्ट मनाला लागलीय. पहिल्याच दिवशी डॉक्टर वेलेव खुर्ची ओढून बसले नि म्हणाले, "आजी, काय सोडणं तुम्हाला सगळ्यात जड जाईल?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, तुम्हीपण नाही. मी म्हटलं, कोबीचं पाणी. माझ्या हृदयाला मीठ चालत नाही, तरी त्यांनी रविवारचा एक छोटा कप ठरवून दिला. मी हो म्हटलं. आणि ताईंची अख्खी बाटली संपवली.

पाय सुजले. डॉक्टर बिचारे म्हणाले, "माझंच औषध कमी पडतंय." दरडावून बंद केलं असतं, तर मी खुशाल गप्प बसले असते. पण मला विचारून ठरवलेलं ना. आज सकाळी सांगून टाकलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं, नाहीतर उगाच औषध वाढवलं असतं. आता बाटली आली तर काय करायचं, तेही तुम्हीच ठरवा."

मी ठरवलंय. पण ताईंना नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही वेळेवर जेवता ना? बकरी कशी आहे? ताईंना तेवढं सांगा, रिकाम्या हातानं या. शुक्रवारी परत येते म्हणाल्यात.

तुमची,
मिन्का