थोड्यानं काय होते

अमरावती
ता. ९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
रागिणीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, अन् कानात घालायचं यंत्र तू कपाटात ठेवून दिलंस, म्हणून नेहमीसारखं लिहूनच कळवते. अपेक्षा काल दवाखान्यातून घरी आली. घाबरू नकोस, आता बरी आहे. पण चेहरा एवढासा झाला आहे पोरीचा.

रविवारी तुझ्या अंकुरसाठी पोरगी पाहायला तुम्ही सारे अकोल्याहून आलात अन् त्या पोरीच्या, गीतांजलीच्या वडिलांनी, केशवरावांनी, बडनेरा रोडवरच्या त्यांच्याच हॉटेलात सगळ्यांना जेवू घातलं. तुम्ही दुपारच्या गाडीनं परत गेलात. दिवेलागणीला अपेक्षाच्या पोटात कळा सुरू झाल्या, मग उलट्या, मग जुलाब. सकाळी डोळे खोल गेलेले पाहून कुलदीपनी लेकीला उचललं अन् तसेच दवाखान्यात गेलो. सलाईन लावावं लागलं.

डॉक्टरांनी सिलिअॅक सांगितल्यापासून गव्हाचा कणसुद्धा तिला चालत नाही, हे तुला ठाऊकच आहे. ती आवडनिवड नाही, आतून आतडं सोलून निघतं. म्हणून मी केशवरावांना आदल्या दिवशी फोन केला होता. हॉटेलात पोचल्यावर पुन्हा सांगितलं. ताटं लागताना स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आणखी एकदा. ते म्हणाले की ताई, आमच्या पाटीवरच लिहिलं आहे, चुलीवरची शुद्ध ज्वारीची भाकर. बाहेर कुठं गेलो की पोरगी काकडी अन् दही खाऊन उठते. त्या दिवशी पोटभर भाकर खाल्ली अन् माझ्या कानात म्हणाली की आई, आज मी सगळ्यांसारखी जेवली.

मंगळवारी मी हॉटेलात गेली. झालं ते सांगितलं तर केशवराव हसले. म्हणाले की नुसत्या ज्वारीची भाकर थापताना तुटते, म्हणून आचारी मूठभर कणीक टाकतो, थोड्यानं काय होते? अन् वर म्हणाले की हे आजकालच्या लेकरांचे नवे लाड आहेत.

माझं लक्ष त्यांच्या मागच्या शेगडीवर गेलं. केशवराव कांदा-लसूण खात नाहीत. गीतांजलीची आई वारली तेव्हा तिला तसा शब्द दिला म्हणे. त्यांच्यासाठी वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी पळी, अन् पळीला लाल दोरा बांधलेला, कोणी चुकून दुसऱ्या भाजीत घालू नये म्हणून. स्वतःच्या व्रताला लाल दोरा, अन् माझ्या लेकीला मूठभर कणीक.

आत्या, हे लग्न मोड. दुसरं काही मागत नाही तुला. खुशालमामांना नमस्कार. माझ्या रागासकट मला आपली समजावं.

तुझी,
रागिणी

———

जठारपेठ, अकोला
ता. १५ जानेवारी

चि. सौ. रागिणीले,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र संक्रांतीच्या दिवशी भेटलं. बाया वाणासाठी दारात उभ्या होत्या अन् मी हळदीकुंकवाची वाटी घेऊन पत्रच वाचून राहिली. यायले बी दाखवलं. तुहे मामा कधी कोणाले शिवी देत नाईत, त्या दिवशी दिली.

पण लग्न मोडनार नाई. काहून, ते आयक. अंकुरले पोरगी मनातून आवडली हाये अन् गीतांजली भली पोरगी हाये. बापाच्या करणीची सजा लेकीले काहून देऊ? दुसरं असं, का लग्न मोडलं तं केशवराव चार लोकांत सांगन का अकोल्याचे लोक भाकरीवरून भांडले. त्यायले दुसरा जावई भेटन, अन् तुही पोरगी भरती होती हे त्यायच्या ध्यानात बी राह्यनार नाई. मले तसं नाई पाहिजे. त्यायले समजलं पाहिजे, अन् डोक्यात नाई, पोटात समजलं पाहिजे.

२ फेब्रुवारीले ते लग्नाची तारीख काढाले आमच्या घरी येऊन राहिले. जेवण मी माह्या हातानं करीन. तू ये अन् अपेक्षाले घेऊन ये. तिले त्यायच्याच पंगतीत बसवते.

लेकराले माह्याकडून पापी दे. माया पातळ होऊ देऊ नको.

आत्या

———

अमरावती
ता. २१ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पावलं. मी येणार नाही. त्या माणसाच्या पंगतीत मला घास उतरणार नाही. कुलदीप येतील पोरीला घेऊन. तुझ्या घरी जेवायचं म्हटलं तेव्हा कुठं ती तयार झाली. दवाखान्यातून आल्यापासून ती मी केलेली भाकरसुद्धा आधी वास घेऊन पाहते अन् विचारते की आई, तूच केली ना? शाळेत मैत्रिणीचा वाढदिवस होता, सगळ्या पोरी खात होत्या अन् ही दप्तर आवरत बसली. तिच्या बाईंनी सांगितलं मला.

तुझ्या मनात काय आहे ते मला समजलं, आत्या. टाक. भाजीत टाक, वरणात टाक, कढीत टाक. ठेचून टाक, तळून टाक, पण टाक. कुलदीपना बोलली तर ते म्हणाले की कोणाचं व्रत मोडणं पाप आहे. मी म्हटलं की ते पाप माझ्या नावावर लिहा.

यंत्र कपाटातून काढ. असल्या दिवशी तरी घाल कानात.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
रागिणी

———

जठारपेठ, अकोला
ता. ४ फेब्रुवारी

चि. सौ. रागिणीले,
आत्याचे आशीर्वाद.

अपेक्षा सुखरूप पोचली असन. कुलदीपरावानं तुले अर्धंच सांगतलं असन, बाप्ये अर्धंच सांगतात. म्हणून पुरं आयक.

गोळ्याची कढी केली, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, भात, भोपळ्याची खीर, अन् पातूरच्या आपल्या वावरातल्या ज्वारीच्या भाकरी. पाहुणे याच्या आधी घरातला गहू, कणीक, रवा सारं शेजारी नेऊन ठेवलं होतं. तरी अपेक्षानं मले इचारलंच की आजी, तूच केल्या ना? मंग जेवाले बसली. केशवराव तिच्या बाजूले. त्यायनं वांग्याची भाजी मागून मागून घेतली. म्हणाले की विहीणबाई, कांदा-लसणाबिना अशी चव मले गीतांजलीच्या मायनंतर आजच भेटली.

मी समोर जाऊन हात जोडले. म्हटलं की भाऊ, खोटं काहून बोलू? नुसत्या जिऱ्यामोहरीनं वांगं बेचव लागते, म्हणून दोन पाकळ्या लसूण टाकला. थोडासाच. थोड्यानं काय होते?

तुह्या सांगण्यावरून मी यंत्र कानात घातलं होतं. त्यातून सारं मोठं होऊन आयकू येते, शांतता बी. त्यायचा घास हातातच राहिला. उठले, मागच्या अंगणात गेले, नळापाशी बसून घशात बोटं घातली. काही निघालं नाई. मंग चूळ भरत राहिले, भरतच राहिले. तुह्या मामानं माह्याकडं असं पाहिलं जसा मी कोणाचा जीव घेतला. अंकुर ताट सोडून बाहेर गेला.

मंग अपेक्षा उठली अन् पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात गेली. मी मागं गेली. तिनं इचारलं की आजोबा, पोट दुखते का? ते म्हणाले की नाई. तं ती म्हणाली की लगेच नाई दुखत, संध्याकाळी दुखते. अन् सुई टोचतात तेव्हा हाताकडं पाहाचं नाई, मंग एवढं लागत नाई.

रागिणी, तिनं टोमणा नाई मारला. तिनं खरोखर त्या माणसाले धीर दिला. मी लुगड्याचा पदर तोंडाले लावून आत आली.

बापासंगं आलेली गीतांजली तिथंच उभी होती. तिनं बापाले इचारलं की हे लेकरू कवा भरती होतं? त्यायनं घरी सांगतलंच नव्हतं. चपला घातल्या अन् तारीख न काढता गेले. पोरगी जाताजाता माह्या पाया पडली, ते काय समजून पडली मले ठाऊक नाई.

अंकुर माह्याशी बोलून नाई राहिला. माह्यासमोर ताट बी घेत नाई. लग्न राहते का जाते, देवाले माहीत. मले वाईट वाटते का, तं अंकुरचं वाटते. केशवरावाचं नाई वाटत.

दोन अक्षरं लवकर लिही.

आत्या

———

अमरावती
ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शनिवारी केशवराव आमच्या घरी आले. गीतांजलीच घेऊन आली त्यांना. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर लोंबत होता. घास तोंडाशी नेला की लसणाचा वास येतो म्हणाले, म्हणून दूध अन् केळ्यावर आहेत. गीतांजली त्यांच्या मागं दारात उभी राहिली, म्हणजे त्यांना परत फिरता येऊ नये.

अपेक्षा जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. तिच्यासमोर ते गुडघे धरून खाली बसले अन् म्हणाले की पोरी, मी तुला खोटं खाऊ घातलं. तिनं मान वर केली अन् म्हणाली की हो. तेवढंच. अन् परत रंगवायला लागली.

मला दया यायला पाहिजे होती, आत्या. आली नाही. त्यांनी पेढे आणले होते, ते मी परत त्यांच्या हातात दिले. म्हटलं की माफी अशी घरात गुपचूप मागायची नाही. खोटं पाटीवर लिहिलं होतं, तर खरंही पाटीवरच लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, की आमच्या ज्वारीच्या भाकरीत आजवर कणीक होती. ते म्हणाले की ताई, धंदा बसेल. मी म्हटलं की थोडासाच बसेल.

काल पाटी लागली. मी बँकेतून येताना मुद्दाम स्कूटी तिकडं वळवली. आजही वळवली. लोक थांबून वाचतात. एक म्हातारे गृहस्थ बाहेरूनच ओरडले की तरी मी म्हणत होतो, माझी साखर काहून वाढते! दोघं-तिघं जेवायला आले होते ते तिथूनच फिरले. केशवराव गल्ल्यावर मान खाली घालून बसलेले. मी स्कूटी बंद करून सगळं पाहिलं. उद्याही जाईन. कुलदीप म्हणतात की आता पुरे. मला पुरे वाटेल तेव्हा मी थांबेन.

एक मात्र विचारते. निघताना त्यांनी मला विचारलं की लसूण खरंच होता का. तुला फोन केला होता म्हणे, तर तू ऐकू येत नाही म्हणून ठेवून दिलास. मी काही सांगू शकली नाही, कारण मलाच ठाऊक नाही. होता का, आत्या?

तुझी,
रागिणी

———

अमरावती
ता. १५ फेब्रुवारी

सौ. मैनाबाई विहीणबाईंस,
केशवरावाचा स. न. वि. वि.

तुमच्या घरून निघालो तेव्हा तुमचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं होतं. घरी आल्यावर गीतांजलीनं मला ताट वाढून दिलं अन् म्हणाली की बाबा, जेवा, थोडासाच तर होता. पोटच्या पोरीनं म्हटलं ते. मग मात्र मला दवाखान्यातलं ते लेकरू दिसायला लागलं.

तुमच्या भाचीनं सांगितली तशी पाटी लावली आहे. ती काढणार नाही. भाकरीची परात अन् तवा वेगळा केला. मोतीराम आचारी नुसत्या ज्वारीची भाकर थापायला शिकून राहिला आहे, रोज अर्ध्या तुटतात, तुटलेल्या आम्हीच खातो. म्हणजे तो खातो. मला जात नाही.

गीतांजली लग्नाला तयार आहे. तुम्ही आजही हो म्हणत असाल तर तारीख तुम्ही म्हणाल ती.

मला फक्त एक सांगा. तिची आई गेली तेव्हा तिचा हात हातात धरून मी बोललो होतो. तेव्हापासून लग्नाकार्यात उपाशी राहिलो, पण शब्द राखला. आता सकाळी दिवा लावायला तिच्या फोटोसमोर जातो अन् तिला काय सांगावं समजत नाही. लसूण होता की नव्हता, एवढं कृपा करून कळवावं. जे असेल ते मी सोसेन, पण ठाऊक नसणं सोसवत नाही.

आपला,
केशवराव

———

जठारपेठ, अकोला
ता. २० फेब्रुवारी

रा. रा. केशवराव व्याह्यांस,
मैनाबाईचा नमस्कार.

नव्हता.

वांग्याचं पातेलं नवं आणलं होतं. पाटा-वरवंटा गरम पाण्यानं घासून उन्हात ठेवला होता. कांद्याची टोपली बी कणकेच्या डब्यासंगं शेजारी गेली होती, गंध येऊ नये म्हणून. ज्याले जे चालत नाई, ते मी त्याच्या ताटात कवाच वाढलं नाई, अन् तुमच्या बी नाई. लसूण फक्त माह्या तोंडात होता. विहीणबाईच्या फोटोसमोर जा अन् सांगा का शब्द साबूत हाये. अन् आज पोटभर जेवा.

रागिणीले बी आजच लिहून राहिली. तिनं आधी इचारलं होतं, पण उत्तर तुमचं होतं, म्हणून पयले तुमाले.

अंकुर काल माह्याशी बोलला. गीतांजलीनं त्याले फोनवर चांगलं झापलं म्हणतात. लग्न उन्हाळ्यात करू. जेवण आमी पाहू अन् तुमी पाहान, दोघं मिळून पाहू, अन् मोतीरामले भाकरी शिकवाले मी चार दिवस आधी येईन.

आता राहिली माफी. भरल्या ताटावर मी पाहुण्याशी खोटं बोलली. ते खोटं माहं, त्याचं जे काय भोगाचं ते मी भोगीन. पण या दिवसांत तुमच्या घशाखाली घास उतरला नाई, वाढलेल्या ताटाकडं तुमी भेऊन पाहिलं, कोणाच्या हातचं खावं अन् कोणाच्या नाई हे समजलं नाई, त्या दिवसांची माफी मी मागनार नाई. ते दिवस अपेक्षाचे होते. त्यातले थोडे मी तुमाले दिले. तुमचे हे पत्र वाचून संपले. तिचे अजून संपले नाईत.

लेकीले माहे आशीर्वाद सांगजा. नातं जोडलं हाये, ते आता दोघंही सांभाळून राहू.

आपली विहीण,
मैनाबाई